एक्सप्रेसवेवर उजव्या लेनमधला ट्रक, १२०ने येणारी कार आणि 'चूक कोणाची?'

सोमवार_पहाट

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यापासून दर आठवड्याला पुणे–नवी मुंबई ये-जा मुंबई–पुणे एक्सप्रेसवेने स्वतः गाडी चालवत करायची आहे. सोमवारी पहाटे जाणं, शुक्रवारी रात्री परत. गाडी पेट्रोल हॅचबॅक, ABS आणि दोन एअरबॅग.

माहिती विचारली की प्रत्येक जण कुणाकडे तरी बोट दाखवतो. कारवाले म्हणतात ट्रकवाले मुद्दाम उजव्या लेनमध्ये अडवून चालतात. ट्रकवाले म्हणतात कारवाल्यांना ब्रेक म्हणजे काय ते माहीत नाही. पिवळ्या पाटीच्या कॅबना दोघेही शिव्या देतात. बाकी 'बाई चालवत असणार', 'अमुक पासिंगची गाडी दिसली की लांब राहा' हे ठरलेलं. यातून गाडी कशी चालवायची ते काही कळत नाही. सपाटीला कारची मर्यादा १०० आहे, पण बरेच जण १२०ने जातात. त्यांच्या बरोबरीने जाणं सुरक्षित की १००वर राहणं? उजव्या लेनमध्ये ८०ने चाललेल्या ट्रकचं काय करायचं? आणि घाट उतरताना नेमकी कशाची काळजी घ्यायची? जाणकारांनी आकड्यांनिशी सांगावं.

---

मीटरगणित

आधी वेगाचं बघू, कारण त्याचं उत्तर मतांवर अवलंबून नाही.

१०० म्हणजे सेकंदाला २८ मीटर, १२० म्हणजे ३३ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसाचाही दीड सेकंद जातो. कोरडा रस्ता, बरे टायर आणि पूर्ण दाबलेला ब्रेक धरला तर गाडी थांबायला साधारण एवढं अंतर लागतं: ८०ला ६८ मीटर, १००ला ९७, १२०ला १२९. वेग वीस टक्क्यांनी वाढला तर थांबायचं अंतर तेहतीस टक्क्यांनी वाढतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. समजा, ९७ मीटरवर एखादा बंद पडलेला टेंपो दिसला. १००ने येणारी गाडी त्याला टेकता टेकता थांबेल. १२०ने येणारी त्याच जागी किती वेगात असेल? बहुतेक जण 'वीस' म्हणतात, कारण फरक वीसचा आहे. प्रत्यक्षात ती सुमारे ७७च्या वेगाने आदळेल. दीड सेकंदातच ५० मीटर निघून गेलेले असतात आणि उरलेल्या ४७ मीटरमध्ये ब्रेकला तेवढाच वेग उतरवता येतो. ७७ला धडक बसली तर मागे बेल्ट न लावता बसलेला माणूस पुढच्या सीटवर जाऊन आपटतो.

पावसात पकड जवळपास निम्मी होते. ओल्या रस्त्यावर ८०ला जे अंतर लागतं (साधारण ९५ मीटर) ते कोरड्या रस्त्यावरच्या १००इतकंच. म्हणून पावसाळ्यात फलकावर १०० असलं तरी तुमची मर्यादा ८० समजा.

रात्रीचा हिशोब याहून कडक आहे. खालच्या बीमचा उजेड साधारण ५०-६० मीटर पडतो. मागचे दिवे गेलेला, रिफ्लेक्टर पट्टी चिखलाने माखलेला ट्रक त्या उजेडातच पहिल्यांदा दिसतो. १००ला तुम्हाला ९७ मीटर हवे असतात, म्हणजे दिसण्याआधीच वेळ गेलेली असते. पुढे वाहन नसेल आणि दुभाजकावरून समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जात नसेल तिथे वरचा बीम वापरा. नसेल शक्य, तर ८०.

आणि वाचतं काय? रस्ता ९४.५ किलोमीटरचा. त्यातला घाट सोडला तर सपाटीचे धरा ७५. ते १००ने ४५ मिनिटं, १२०ने साडेसदतीस. साडेसात मिनिटांसाठी हा सगळा सौदा, आणि तेवढी तर कळंबोलीच्या सिग्नलला जातात.

---

लायनर_ड्रम

ट्रकच्या बाजूने लिहितो, कारण कार चालवणाऱ्याला ट्रक काय करू शकत नाही हे माहीत असेल तर अर्ध्या तक्रारी संपतात.

भरलेल्या ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. पेडल दाबल्यावर हवा नळ्यांतून मागच्या चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद सहज जातो, आणि ब्रेक लागल्यावरही कारइतका जोर मिळत नाही. ८०ने चाललेल्या ट्रकला थांबायला ९०-९५ मीटर लागतात. म्हणजे मीटरगणित यांनी १००च्या कारसाठी दिलेलं अंतर आणि हे जवळपास सारखंच. कारला १०० आणि ट्रकला ८० ही मर्यादा 'ट्रकवर अन्याय' किंवा 'कारचे लाड' म्हणून नाही, दोघं साधारण एकाच अंतरात थांबावेत असा तिचा परिणाम आहे. ट्रकवाला पुढे ६०-७० मीटर मोकळे सोडतो ते त्याचं ब्रेकचं अंतर असतं. तुम्हाला ती मोकळी जागा दिसते, तुम्ही तिच्यात घुसता आणि पुढे ब्रेक मारता. मागे त्याच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही.

आता बोरघाट. पुण्याकडून उतरताना खंडाळ्यापासून खोपोलीच्या पातळीपर्यंत सुमारे ५०० मीटर उंची कमी होते. २८ टनाचा ट्रक तेवढा उतरवताना जी ऊर्जा जिरवावी लागते तिच्यात अंदाजे ४०० लिटर पाणी उकळेल. इंजिनाने ती जिरवली नाही तर सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणारं भांडं) आणि लायनरमध्ये (त्याला आतून घासणारा पट्टा) उतरते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड सुटते. ड्रायव्हर घाबरून पेडल वरचेवर मारतो, प्रत्येक वेळी टाकीतली हवा खर्च होते, काटा खाली येतो, बझर वाजतो. 'ब्रेक फेल' म्हणून छापून येतं त्यातलं बरंचसं हे असतं. एकही भाग तुटलेला नसतो.

मुळाशी सवय एकच: उतारावर न्यूट्रल मारणं. 'डिझेल वाचतं' ही समजूत जुन्या पंपाच्या इंजिनांपासून चालत आली आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण बंद होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल जळत राहतं. वर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) न्यूट्रलमध्ये काहीच करत नाही. ड्रायव्हर लोकांसाठी नियम सोपा: ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, एक्झॉस्ट ब्रेक सुरुवातीपासून लावा, पायाचा ब्रेक दाबून धरू नका, वेग दहाने कमी होईल एवढा ठामपणे दाबून सोडा. उतार लागण्याआधी थांबून स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकमधली ढील जुळवणारा भाग) आणि हवेचा काटा बघा. आठ बारच्या आसपास नसेल तर उतरायला सुरुवात करू नका.

कारवाल्यांनी घाट उतरताना दोन गोष्टी कराव्यात. तुम्हीही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा 'एल' मोड. आणि भरलेल्या ट्रकच्या बरोबर पुढे फार वेळ राहू नका. आरशात मागच्या ट्रकच्या चाकांजवळ धूर दिसला किंवा जळक्या लायनरचा वास आला (एकदा ओळखला की विसरत नाही, जळक्या रबरापेक्षा कडवट असतो), तर त्याच्या समोरून बाजूला व्हा. तो सलग हॉर्न वाजवत, वरचा-खालचा दिवा मारत येत असेल तर ती दादागिरी आहे असं धरू नका. जागा द्या.

---

सोमवार_पहाट

दोघांचेही आभार. न्यूट्रलचं माहीत नव्हतं. पण सपाटीवर उजव्या लेनमध्ये ८०ने चाललेला ट्रक राहिला. मागे पाच-सहा गाड्या रांगेत असतात. हॉर्न द्यायचा, डावीकडून काढायचा, की मागे बसून राहायचं?

---

तीन_सेकंद

आधी तो तिथे का आहे ते सांगतो. व्यावसायिक वाहनांना वेग-नियंत्रक लावणं सक्तीचं आहे आणि तो ८०वर बांधलेला असतो. समजा एक ट्रक ८०ने आणि पुढचा ७७ने चालला आहे. ओलांडायला दोघांची लांबी आणि पुढे-मागे सुरक्षित जागा मिळून ६०-६५ मीटर जास्त कापावे लागतात. ताशी तीनच्या फरकाने त्याला सव्वा मिनिट लागतं, आणि तेवढ्यात रस्ता जातो सुमारे पावणेदोन किलोमीटर. एवढा वेळ मागच्याला तो 'मुद्दाम अडवतो' असंच वाटणार.

यात ट्रकवाल्याची चूक आहेच. अवजड वाहनांनी डावी लेन धरायची आणि उजवी फक्त ओलांडण्यापुरती, हा नियम आहे. ज्याला ओलांडायचं त्याच्यापेक्षा आपला वेग दहाने जास्त नसेल तर बाहेर निघूच नये. पण डाव्या लेनमध्ये त्याला काय भेटतं तेही बघा: पट्टीवर अर्धी उभी केलेली बंद गाडी, फूड मॉलमधून ४०ने आत घुसणारी कार, चढाला २०ने चाललेला दुसरा ट्रक. चढावर एकदा वेग पडला की भरलेल्या गाडीला तो परत घ्यायला मिनिटं लागतात. म्हणून तो जमवलेला वेग सोडत नाही.

तुम्ही काय करायचं:

मागे तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ट्रकची मागची बाजू एखाद्या खांबाजवळून गेली की 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन' मोजा. त्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात तर जवळ आहात. १००ला हे ८३ मीटर होतं. पावसात 'एकशे पाच'पर्यंत मोजा. या अंतरावरून तुम्हाला त्याचे दोन्ही आरसे दिसतात. ज्याचा आरसा तुम्हाला दिसत नाही, त्याला तुम्ही दिसत नाही.

एकदा डिपर द्या, एकदा छोटा हॉर्न, आणि मग थांबा. पलीकडचं वाहन ओलांडून झालं की बहुतेक जण डावीकडे येतात. नेमक्या याच क्षणी डावीकडून घुसणं सगळ्यात धोक्याचं. क्लीनरच्या बाजूला, म्हणजे ट्रकच्या डाव्या अंगाला, ड्रायव्हरला सर्वात कमी दिसतं, आणि तो तुमच्यासाठी म्हणूनच डावीकडे येत असतो. तुमच्या हॉर्नमुळेच तो तुमच्या अंगावर येतो.

ओलांडताना रेंगाळू नका. वीसच्या फरकाने १२ मीटरचा ट्रक मोकळ्या अंतरासकट ओलांडायला साधारण १३ सेकंद लागतात. त्यासाठी पुढे पुरेशी जागा दिसल्याशिवाय त्याच्या शेजारी जाऊ नका, नाहीतर त्याच्या मागच्या चाकांना चिकटून अडकाल. टायरचा पट्टा उडाला तर तो तिथेच येतो. ओलांडून झालं की आतल्या आरशात त्याचे दोन्ही दिवे दिसेपर्यंत डावीकडे येऊ नका.

इशाऱ्यांचा गोंधळही लक्षात ठेवा. आपल्याकडे दुपदरी रस्त्यावर पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर काही ड्रायव्हरांचा अर्थ 'या पुढे' असतो, काहींचा 'मी उजवीकडे येतोय'. एक्सप्रेसवेवर नेहमी दुसराच अर्थ घ्या. हॅझर्ड लावून चालणं चूक, बोगद्यातही आणि पावसातही: तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळायचा मार्गच बंद होतो. परदेशातून येऊन इथे गाडी चालवणाऱ्यांसाठी अवांतर: इंग्लंडमध्ये दिवा मारणं म्हणजे बरेचदा 'तुम्ही जा'. इथे त्याचा अर्थ 'मी येतोय, तुम्ही येऊ नका'. या एका फरकाने गल्लत होते.

१२०वाल्यांच्या बरोबरीने जायचं का, याचं उत्तर: नाही. मधल्या लेनमध्ये ९०-१०० धरा. पण चढावर एक गोष्ट उलटी होते. घाटात भरलेला ट्रक २०ने चढत असेल आणि वळणावरून तुम्ही ८०ने आलात, तर फरक ६०चा झाला. सेकंदाला जवळपास १७ मीटर तुम्ही त्याच्याकडे सरकताय, आणि मागचे दिवे बघून तो चालतोय की थांबलाय ते रात्री कळत नाही. इथे अपघात घडवतो तो दोन वाहनांच्या वेगातला फरक. म्हणून घाटातल्या फलकावरचा आकडा सपाटीपेक्षा बराच खाली ठेवलेला आहे.

---

छेद_आणि_छेदक

'कोण वाईट चालवतं' यावर थोडं, कारण मूळ प्रश्नात ते होतं आणि अजून कुणी घेतलं नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू आहेत. त्यातले ७२.३ टक्के अपघात 'अतिवेग' या कारणाखाली नोंदले आहेत. हा आकडा सगळे उद्धृत करतात, पण तो येतो कुठून ते बघा. जागेवर पोचलेल्या पोलिसाने भरलेल्या तक्त्यातून. वेग मोजलेला नसतो. रस्त्याचं वळण, बंद दिवा, उभा ट्रक, झोप, यांच्यासाठी पुरावा शोधावा लागतो. 'अतिवेग' लिहायला तो लागत नाही. त्याच धर्तीवर मोठ्या गाडीच्या चालकावर गुन्हा नोंदवण्याची रीत आहे. मागून कार ट्रकमध्ये घुसली असेल आणि ट्रक दिव्यांशिवाय उभा असेल तर दोघांची चूक वेगवेगळी मोजायला हवी. एका ओळीच्या कारणात ती मावत नाही.

दोष मोठ्या गाडीवरच येणार, या भीतीचा परिणाम २०२४च्या जानेवारीत ट्रकचालकांच्या संपात दिसला. भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६(२)मध्ये अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलेली आहे; बाकीची संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम मात्र लागू केलं नाही. चालकांचं म्हणणं, थांबलो तर जमाव मारतो. हे म्हणणं खोटं नाही. पळणं समर्थनीय ठरत नाही, पण 'ट्रकवाले माणूस उडवून पळतात' म्हणणाऱ्याने जमावाचंही बोलायला हवं.

आता पासिंग. पुण्याच्या रस्त्यावर एमएच १२च्या गाड्या सर्वात जास्त चुका करताना दिसतात, कारण तिथे एमएच १२च सर्वात जास्त आहेत. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली की लोक सावध होतात. तिथे निदान कारण आहे: भाड्याची गाडी, चालवणारा रस्त्याला नवखा, अरुंद वळणं. पण धोका नवखेपणात आहे, पाटीत नाही. बायकांविषयीचं बोलणंही तसंच. रस्त्यावरच्या एकूण किलोमीटरपैकी किती त्या चालवतात हा छेद हातात नसताना वरच्या अंशावरून निष्कर्ष काढता येत नाही.

काही गटांत धोका खरंच जास्त असतो, हेही सांगायला हवं. नुकतं लायसन्स मिळालेले तरुण मुलगे, रात्रीची वेळ, गाडीत मित्र: हे जगभर दिसतं. पण तिथेही उपाय परिस्थितीवर चालतो. रात्री एकट्याने लांब पाठवू नका, वेगाची मर्यादा गाडीतच लावून द्या. ट्रकवाल्यांच्या थकव्याचं कारणही स्वभावात नाही. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (२०२५मध्ये तो नव्या श्रम संहितेत विलीन झाला) दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. पण भाडं खेपेवर मिळतं आणि गाडी लावायला सुरक्षित जागा नसते, तिथे असा कायदा कागदावर राहतो. १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे मी सुरक्षिततेचं पाऊल मानतो, चैनीचं नाही. चाळीस अंशांत इंजिनाशेजारी दहा तास बसलेल्या माणसाचा ब्रेक दाबेपर्यंतचा दीड सेकंद आणखी लांबतो.

---

मीटरगणित

वरच्याला पूर्ण अनुमोदन. कॅमेऱ्यांचं राहिलं म्हणून परत आलो.

जुलै २०२४पासून एक्सप्रेसवेवर जी यंत्रणा चालू आहे ती सरासरी वेगही मोजते. कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधलं अंतर भागिले लागलेला वेळ. १० किलोमीटर सहा मिनिटांच्या आत पार केले की सरासरी १००च्या वर गेली. त्यामुळे कमान दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही, उलट तोच ब्रेक मागच्याला घातक. सीटबेल्ट, फोन आणि लेन तोडणं हेही त्यात टिपलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३नुसार अतिवेगाचा दंड हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम-अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये.

गाडीचा मीटर सहसा तीन-पाच टक्के जास्त दाखवतो. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा ताडून घ्या (शेजारी बसलेल्याने). क्रूझ कंट्रोल असेल तर कोरड्या सपाटीवर लावा, पावसात आणि घाटात नको.

---

लायनर_ड्रम

शुक्रवारी रात्री परत येणार म्हणालात म्हणून टायरचं. काँक्रीटचा रस्ता आहे. कमी हवेचा टायर त्यावर तापून फुटतो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरमध्ये भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूवर छापलेला असतो तो कमाल दाब, तो भरू नका. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी स्टिकरवर वेगळा रकाना असतो. टायरवर चार अंकी शिक्का शोधा: २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी या रस्त्यावर नको. नक्षीतल्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते आणि नक्षी एका पातळीवर आली की १.६ मिलिमीटर उरले, टायर संपला.

आणि गाडी बंदच पडली तर: जोर आहे तोवर डाव्या पट्टीच्या पूर्ण बाहेर घ्या, हॅझर्ड लावा (त्याचा वापर यासाठी), सगळ्यांना डाव्या दारांतून उतरवा. रेलिंगपलीकडे, गाडीच्या मागच्या बाजूला थोडं लांब उभे राहा. पुढे उभे राहिलात तर कुणी गाडीला धडकल्यावर ती तुमच्याच अंगावर येईल. त्रिकोण किमान शंभर पावलं मागे ठेवा, ठेवायला जाताना रेलिंगच्या पलीकडून चाला, आणि येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करू नका. कडेच्या किलोमीटर दगडावरचा आकडा आणि 'मुंबईकडे' की 'पुण्याकडे' एवढं ११२ला सांगितलं की मदत योग्य बाजूला येते. बाजू चुकली की पुढच्या एक्झिटवरून वळसा घालण्यात अर्धा तास जातो.